आधी खोड सांगायची

लग्नाचं जेवण आटोपलं, गंज, म्हणजे आमची मोठाली पातेली, घासून उलटे पडले, की बाकीचे लोक पाय पसरून झोपतात. आचाऱ्याला झोप नाही. दुसऱ्या दिवशीची दुपार टळेपर्यंत माझा जीव त्या फोनात अडकलेला असतो. वाजला की आधी देवाचं नाव घेतो, मग उचलतो. जेवण चांगलं झालं हे सांगायला दुसऱ्या दिवशी फोन करणारा यजमान मी उभ्या जन्मात पाहिला नाही. दुसऱ्या दिवशीचा फोन एकाच गोष्टीचा असतो. कोणाला उलट्या होऊन राहिल्या, कोणाला दवाखान्यात नेलं. म्हणून आमच्या धंद्यात फोन आला नाही म्हणजे शाबासकी मिळाली असं समजायचं.

या अंकाच्या संपादक भाऊंनी मला पाटोडी-रश्शाची कृती मागितली होती. कृती मी देत नाही. म्हटलं, धंद्यातली गोष्ट लिहून देतो, छापायची तर छापा. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही अर्धी मास्तरांच्या घरी पाणी भरण्यात गेली. नातू म्हणाला, "आबाजी, तुमी सांगा, मी टाइप करतो." म्हटलं, माझ्या कढईत दुसऱ्याचा झारा चालत नाही. तेव्हा हे माझ्या हाताने लिहिलेलं आहे. शुद्धलेखन सुधारा. मजकुराला हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.

अमरावतीत माझी भट्टी. अकोला, अचलपूर, रिद्धपूर, वरूडकडची गावं, सगळीकडे जेवणं घातली. हजार माणसांचं वरण नजरेच्या अंदाजाने लावतो, यात मला काही विशेष वाटत नाही, कोणीही आचारी लावतो. आमच्यात दोन चाली मात्र आहेत, त्या बाहेरच्यांना ठाऊक नसतात.

पहिली चाल पहिल्या घासाची. पंगत बसण्याआधी यजमानाला भट्टीजवळ बोलवायचं आणि त्याच्यादेखत प्रत्येक गंजातलं थोडं थोडं वाढून घेऊन आपण खायचं. काही झालं तर आधी आपल्याला होईल, असा त्याचा अर्थ. हल्लीचे केटरर हे करत नाहीत. मी करतो. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं झाली, तो घास तोंडाजवळ नेताना मी अजून भितो.

दुसरी चाल माणूस देण्याची. लग्नसराईत एकाच तिथीला तीन-तीन जेवणं येतात, मग एक आचारी दुसऱ्याकडून माणूस मागून घेतो. देणाऱ्याने माणूस देताना आधी त्याची खोड सांगायची. याचा हात मिठाला जड आहे. ही बाई मोबाइलवर बोलता बोलता तळते. खोड सांगून झाली की मग गुण, तोही एकच. गुण काय, घंट्याभरात दिसतात. खोड दिसते तेव्हा पंगत उठलेली असते.

ही चाल किती मोलाची आहे ते मला अचलपूरने शिकवलं. फार जुनी गोष्ट. रबडीसाठी अकोल्याच्या एका आचाऱ्याने मला माणूस दिला. खोड विचारली तर म्हणे, "सोनं हाय सोनं." त्या सोन्याला उरलेलं फेकवत नसे. आदल्या दिवशीचं दूध तो नव्या दुधात ढकलून द्यायचा. चाखताना मला काही कळलं नाही, रबडी गरम होती, वेलची मजबूत होती. दुसऱ्या दिवशी फोन आला. नवरीचा धाकटा भाऊ, लहान लेकरू, दवाखान्यात होतं. मी एसटी पकडून गेलो आणि दवाखान्यासमोर निंबाखाली बसलो. पोराचा बाप बाहेर आला, माझ्यापुढे उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी नर्सबाई म्हणाली, लेकरू पाणी मागून राहिलं, आता भेव नाही. तिला भेव नव्हतं. माझं तेव्हापासून गेलंच नाही. त्या अकोल्यावाल्याशी मी पुन्हा बोललो नाही.

आता दर्शनाची गोष्ट.

माझ्याकडे पोळ्या लाटायला शोभाबाई आहे, तिची ही पोरगी. कॉलेजात खाद्यपदार्थांचंच काही शिकत होती आणि लग्नसराईत माझ्या भट्टीवर यायची. तिला पुण्याकडच्या एका संस्थेत जायचं होतं. मोठाली स्वयंपाकघरं कशी चालवायची ते तिथे शिकवतात. मी म्हटलं, ते शिकायला पुण्याला कशाला जायला पाहिजे, मी मेलो का? पण पोरीच्या डोक्यात बसलं ते बसलं.

त्या संस्थेला अर्जासोबत दोन शिफारसपत्रं लागतात. एक शिकवणाऱ्याचं, एक ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचं. मागच्या साली तिने दुसऱ्या पत्रासाठी मला विचारलंच नाही. इंग्रजी पाटीवाल्या एका मोठ्या केटररकडे गेली, त्याच्याकडे चार दिवस ताटं मोजली होती म्हणून. त्याने हो-हो म्हटलं आणि पत्र पाठवलंच नाही. अर्ज तिथेच मेला. आणि त्या संस्थेचा नियम असा की अर्ज दोनदाच करता येतो. म्हणजे यंदाचा शेवटचा.

यंदा मायलेकी दोघी माझ्या घरी आल्या.

"आबाजी, मले तुमच्याकडून एक पत्र पायजे," दर्शना म्हणाली. "माह्यं काम कसं हाय, थे लिहून द्याचं."

"माह्याकडून कावून? थो इंग्रजी पाटीवाला मेला का?"

शोभाबाई मधे पडली. "चुकली पोट्टी भाऊ. आता किती बोलसान?"

"मले इंग्रजी येत नाई."

"मी फोन करून विचारलं," दर्शना म्हणाली. "मराठीत चालते. तुमच्या हातानं लिहिलेलं चालते."

"आन् लिहिलं नाई तं?"

"तं संपलं," ती म्हणाली. एवढंच. रडली नाही, हात जोडले नाहीत. मी हो म्हटलं.

शिकवणाऱ्याचं पत्र तिला आधीच मिळालं होतं. तिचे सर आता बदलून अकोल्याला गेलेत. ते म्हणाले होते, "तूच लिहून आण, मी सही करतो." पोरीने लिहून नेलं, सरांनी सही केली. शोभाबाईने मलाही तेच सुचवलं, पोरगी लिहीन, तुमी सही मारा. मी भडकलो. माझी सही माझ्याच अक्षराखाली. शिवाय संस्थेचा नियम असा की पत्र पोरीने पाहायचं नाही, माझ्या मोबाइलवर त्यांची लिंक का काय ती येईल, तिच्यावर मीच परस्पर टाकायचं.

मी कागद घेऊन बसलो. आणि मला जी एकच रीत माहीत होती तिने लिहिलं. आधी खोड.

दर्शनाची खोड सांगायची म्हणजे अकोल्याचं लग्न सांगावं लागतं. वैशाखातली दुपार. अकोल्याचं ऊन ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको, ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात हृदयाची नळी तुंबली म्हणून माझ्या छातीत डॉक्टरांनी जाळी बसवली होती. घरच्यांनी भट्टीवर जाऊ नका म्हटलं, म्हणून तर गेलो. पंगतीला मठ्ठा होता, मोठा गंज भरून, वरून सांबार पेरलेला. सांबार म्हणजे तुमची पुण्याकडची कोथिंबीर. मी यजमानाला पहिल्या घासासाठी बोलवायला गेलो. परत येतो तर दर्शना गंज मोरीवर उपडा करून राहिली होती. अख्खा. पांढरा लोंढा मोरीत चालला होता आणि ही पोरगी वाकून बघत होती.

"हे काय केलं वं?"

"वास येऊन राह्यला होता आबाजी."

मागून नवरीचा बाप ओरडला, "या उन्हात पाव्हन्याईले आता काय पाजू? मोरीतलं पाजू?" आजूबाजूचे हसले. त्याने मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "मले कावून नाई विचारलं?" ती गंज घासायला बसली.

मठ्ठा खरंच नासला होता का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मोरीत गेलेल्याचा न्याय होत नाही. गंजात नाक घातलं तर घासायच्या राखेचा वास. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, पण न प्यायलेल्या मठ्ठ्याने कोण आजारी पडणार? पुढची काही लग्नं मी तिला भट्टीजवळ येऊ दिलं नाही, सांबार निवडायला बसवलं. ती निवडत बसली. तोंडातून शब्द नाही.

हे सगळं मी पत्रात लिहिलं. ही पोरगी विचारल्याशिवाय करते, अशी सुरुवात केली. मठ्ठ्याचा गंज लिहिला. बोललं तर उत्तर देत नाही, मुकी बसते, हेही लिहिलं. शेवटी गुण, चालीप्रमाणे एकच. "माझ्या स्वतःच्या हातचा पहिला घास घेताना मी भितो. हिच्या हातचा घेताना भीत नाही." खाली सही केली. मोठी केली.

पत्र पाठवायला चौकातल्या झेरॉक्सवाल्या नीलेशकडे गेलो. त्याने फोटो काढता काढता वाचलं आणि थांबला.

"आबाजी, हे शिफारस हाय का पोलीस कंप्लेंट?"

"तू पाठव."

"अहो, लोक इच्यामंदी हुशार, मेहनती, शिस्तीची असं लिहितेत. पोरीचं वाटोळं होईन."

"तुले वाचाचे पैसे देऊन नाई राह्यलो. पाठव म्हन्तो नं?"

त्याने बटण दाबलं. गेलं. मी ताठ मानेने दुकानाची पायरी उतरलो, आणि रस्ता ओलांडला तिथेच थांबलो. सरांचं पत्र पोरीने स्वतः लिहिलेलं, म्हणजे त्यात नुसती साखर असणार. एका ताटात जिलेबी आणि शेजारी माझी मिरची. तिकडच्या माणसाला आमची चाल काय ठाऊक? त्याला एवढंच कळणार की ज्याच्या हाताखाली ही राबली तो म्हातारा हिच्यावर नाराज आहे. परत नीलेशकडे गेलो. "परत घेता येते का रे?" तो म्हणाला, गेलेलं परत येत नाही. मोरीसारखंच.

कोणाला सांगणार? शोभाबाईला सांगायची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसलो आणि अकोल्याला त्या सरांकडे गेलो. माणूस सज्जन. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी काय लिहिलं ते त्यांना सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आबाजी, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, पण असं करत नाहीत हो," ते म्हणाले. "तिथे शेकडो अर्ज येतात. सगळ्यांची पत्रं गोड असतात. एक जरी वाईट शब्द दिसला तरी तो अर्ज बाजूला ठेवतात."

"मंग तुमी फोन करून सांगा, म्हाताऱ्याले अक्कल नाई म्हनून."

"माझं कोण ऐकणार तिथे?"

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं, बडनेरा आलं, मला काही दिसलं नाही. अचलपूरच्या निंबाखाली बसलो होतो तसाच बसून होतो. तेव्हा दुसऱ्याने खोड लपवली होती, आता मी सांगितली होती, आणि दोन्ही वेळा लेकरूच मधे सापडलं. मनात आलं, त्या अकोल्यावाल्याने निदान आपल्या माणसाचं भलं तर पाहिलं. हा विचार मला आवडला नाही. पण आला.

मग वाट पाहणं सुरू झालं. आणि इथे माझा सगळा हिशेबच उलटा झाला. जन्मभर फोन आला नाही की सुटलो म्हणायची सवय. दर्शनाच्या बाबतीत फोन आला नाही म्हणजे बुडालो. कामावर शोभाबाई लाटता लाटता विचारायची, "भाऊ, चांगलं लिहिलं नं?" मी म्हणायचो, पोळी जाड होऊन राहिली, तिकडे ध्यान दे. दर्शना काही विचारत नसे. माझ्या पुढ्यात कांदे चिरत बसायची. डोळ्यांत पाणी आलं की मला कळत नसे ते कांद्याचं का दुसऱ्या कशाचं.

एक दिवस फोन आला. अनोळखी नंबर. मी वाजू दिला. पुन्हा आला. उचलला तर बाईमाणूस, त्या संस्थेतली मॅडम. बोलणं गोड, पण बाईचा आवाज पोलिसासारखा सरळ.

"दर्शनाचं पत्र तुम्हीच लिहिलंत ना?"

"हाव. मीच."

"तो मठ्ठा खराब होता का?"

"माहीत नाई."

"तुम्ही चाखला नाहीत?"

"चाखाले ठेवला कुठी तिनं?"

"मग तिनं केलं ते बरोबर की चूक?"

तोंडापर्यंत आलं होतं की बरोबर म्हणून टाकावं. पोरीचं भलं होईल. "न विचारनं चूक," मी म्हटलं. "ओतनं चूक का बरोबर, थे मले अजून सांगता येत नाई."

"अशा मुलीला तुम्ही पुन्हा कामावर ठेवाल?"

"ठेवलीच हाय नं. समोर कांदे चिरून राह्यली."

"ठीक आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ठीक आहे! याचा अर्थ काय लावायचा? दिवसभर मला चांगली चांगली उत्तरं सुचत राहिली. पंगत उठल्यावर मीठ आठवावं तशी.

त्यानंतर तिला मुलाखतीला बोलावलं. मायलेकी पुण्याला गेल्या. मला वाटलं, बरं झालं, दार उघडं आहे. आणि लगेच दुसरं मनात आलं. आता तिथे माझं पत्र तिच्यासमोर काढणार.

पुण्याहून आली त्याच दुपारी दर्शना माझ्या घरी आली. एकटीच. ओसरीवर बसली आणि सवयीप्रमाणे मुकी. मला तो ताण सोसेना.

"बोल," मी म्हटलं. "शिव्या देऊन घे."

"तुमी मठ्ठ्याचं लिहिलं."

"लिहिलं. आपली चाल हाय थे."

"त्याईनं मले थेच विचारलं. बाकी काई नाई विचारलं जास्त. म्हने, आचारी तं तिथंच होते, मंग त्याईले कावून नाई विचारलं?"

"मंग? तू मुकी बसली असशीन."

"नाई. सांगतलं." ती माझ्याकडे न पाहता नखाने ओसरीचा पोपडा काढून राहिली होती. "म्हनलं, विचारलं असतं तं आबाजीनं आधी चाखून पाह्यलं असतं. वाटीभर प्याले असते. थे कोनाचं ऐकत नाईत. आन् तवा त्याईच्या छातीत नवीन जाळी होती."

मी उठलो. चहा ठेवतो म्हणून आत गेलो. आत जाऊन साखरेचा डबा शोधत बसलो, जो समोरच होता. बाहेर आलो तेव्हा म्हटलं, "मंग तवाच मले कावून नाई सांगतलं? सांबार निवडत बसली इतके दिवस."

"सर्वायसमोर सांगतलं असतं तं तुमी मोरीतला उचलून प्याले असते," ती म्हणाली.

खोटं नाही. प्यायलो असतो.

त्यानंतर पुन्हा वाट. ती मात्र मला आता जास्त जड गेली. आधी पोरीचं नुकसान होईल ही भीती होती, आता कशा पोरीचं, हे कळलं होतं. मोबाइलवर शोभाबाईचं नाव दिसलं की हातातलं काम टाकून उचलायचो. ती पीठ किती भिजवू म्हणून विचारायची, आणि मी तिच्यावर खेकसायचो. मग एका सकाळी फोन आला आणि ती काही बोलेचना, नुसती नाक ओढून राहिली.

"शोभा, बोल वं! काय झालं?"

"नंबर लागला भाऊ. पोट्टीचा नंबर लागला."

मी खाली बसलो. भट्टी थंड होती म्हणून बरं, तिच्याच कठड्यावर बसलो होतो.

माझ्या पत्रामुळे लागला का, हे मला ठाऊक नाही. तिच्या उत्तरामुळे लागला असेल. सरांच्या साखरेमुळेही लागला असेल. नीलेश चौकात सांगत फिरतो की पत्र त्याने पाठवलं म्हणून लागला. मी कोणाला काही म्हणत नाही. दुसऱ्या कोणाचं पत्र लिहायची वेळ आली तर आधी खोडच लिहीन, पण हात कापेल, हे कबूल करतो.

दर्शना आता तिकडेच आहे. मोठ्या जेवणांना त्यांना राबवतात म्हणे. परवा दुपारी तिचा फोन आला. तिचं नाव पाहूनही आधी देवाचं नाव घेतलंच, ती सवय आता जायची नाही.

"आबाजी, काल मोठं जेवन होतं. दह्याचं सारं माह्याकडे होतं."

"मंग?"

"अजून कोनाचा फोन नाई आला."

"मंग बरं हाय नं."

तिकडे कुठेतरी भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

"आबाजी, भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली.

"मंग माह्याशी काय बोलत बसली?" मी म्हटलं. "फोन ठेव. लाइन मोकळी ठेव."